धाकटा की मधला?

सोमवार, ६ फेब्रुवारी

आज स्टुडिओतल्या कॅमेऱ्यानं मान टाकली. एका बाईंचा पासपोर्ट फोटो चालला होता. साडूभाऊंनी बटण दाबलं, आत काहीतरी कट्कन तुटलं आणि खेळ खलास. दुरुस्तीवाला म्हणाला, याच्यावर आता खर्च करू नका.

वही नवी आहे म्हणून एकदा लिहून ठेवतो. बावीस वर्षं मी कारखान्याच्या फाटकावर होतो. कोण किती वाजता बाहेर, कोण किती वाजता आत, कुणाच्या पिशवीत काय. कारखाना बंद पडला, सवय राहिली. गेली सहा वर्षं साडूंच्या स्टुडिओत भागीदार आहे. ते फोटो काढतात. काउंटर, छपाई, कापणं, लॅमिनेशन माझ्याकडे. त्यांची बायको ही माझ्या हिची सख्खी थोरली बहीण, म्हणून ताई. दोघी बहिणी दिवसातून चारदा फोनवर बोलतात. आम्ही दोघं दिवसभर शेजारी बसून चार वाक्यं.

दुपारी कॅमेऱ्यांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं काचेवर दोन मांडले. एक सुरुवातीचा, हलका, त्याच्या पडद्यावर नवशिक्यांसाठी सूचना येतात. दुसरा त्याच्या वरचा, जड, बोटांखाली दोन चाकं, किंमत जवळजवळ दुप्पट. याहून वरचेही होते, पण तिकडे आम्ही बघितलं नाही. मी मनात नावं ठेवली, धाकटा आणि मधला.

"फोटोत फरक किती?" मी विचारलं.

"तुमच्या कामात फारसा नाही," दुकानदार अगदी मनापासून म्हणाला. दुकानदार मनापासून बोलायला लागला की मी आधी त्याच्या हातांकडे बघतो.

साडूभाऊंनी फोटोबद्दल अक्षर काढलं नाही. डोळा लावायच्या खिडकीलाच चिकटले. शेजारचं बारीक चाक पाच वेळा इकडे, पाच वेळा तिकडे. कॅमेरा एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, एकदा माझ्याकडे. "धाकट्याची खिडकी अंधारी आहे," म्हणाले.

"त्यात आरसे असतात, यात अख्खी काच. म्हणून उजेड जास्त," दुकानदार.

"मधलाच घ्यायचा."

मी म्हणालो, "आपल्याला पासपोर्टचे फोटो काढायचेत, चंद्राचे नाहीत."

"मधला," म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

खिडकीसाठी दुप्पट पैसे? कुणी एवढ्या चटकन मधल्यावर बोट ठेवतं तेव्हा त्या बोटाला कुणीतरी आधी मध लावलेला असतो. मी म्हटलं विचार करू. तोवर वापरायला दुकानदारानं एक जुना कॅमेरा दिला आहे. फुकट. हेही लक्षात ठेवण्यासारखं.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

साडूभाऊ १०.२०ला बाहेर. १.१५ला आत. कुठे? "बँकेत." बँकेचं पासबुक माझ्या खणात होतं, मी मुद्दाम उघडून बघितलं.

आले तेव्हा उजवा डोळा लालभडक. दोन्ही लाल असते तर समजलो असतो, एक पेला कुठेतरी झाला. एकच डोळा लाल म्हणजे काय? मारामारी म्हणावं तर शर्टाची इस्त्री जागच्या जागी.

"कचरा गेला," म्हणाले. मी विचारलंही नव्हतं.

मागच्या वहीत पाहिलं. १० जानेवारी, मंगळवार, असेच अडीच तास गायब. तेव्हा "घड्याळ दुरुस्तीला". दोन तारखांत बरोबर चार आठवडे. चार आठवडे पुढे मोजले तर ६ मार्च. लिहून ठेवतो.

शनिवार, ११ फेब्रुवारी

संध्याकाळी कॅमेरा पुसणं माझं काम. सहा वर्षं पुसतोय, त्यामुळे सांगतो: साडूभाऊ उजव्या डोळ्यानं बघतात, म्हणून त्यांच्या नाकाचा तेलकट डाग मागच्या पडद्याच्या डाव्या कडेला पडतो. नेहमी. आज डाग उजवीकडे होता. कालही.

म्हणजे कॅमेरा कुणीतरी दुसराच वापरतो आहे. मी जेवायला घरी जातो त्या तासाभरात. कोण? आणि साडूभाऊ त्याला शिकवताहेत का?

फोटो काढून झाला की हल्ली मला हाक मारतात. "जरा बघा हो, डोळे मिटलेत का यांचे." पूर्वी कधी विचारलं नाही. जबाबदारी माझ्या गळ्यात अडकवून ठेवायची, उद्या तक्रार आली की "यांनीच पास केला होता" म्हणायला मोकळे. फाटकावर आमचा एक हवालदार हेच करायचा.

हिला डागाचं सांगितलं. ही म्हणाली, "तुम्ही त्यांच्या नाकाचा हिशेब ठेवता? त्यांनाच विचारा ना."

चोराला विचारून चोऱ्या सापडल्या असत्या तर मला बावीस वर्षं पगार कुणी दिला असता!

बुधवार, १५ फेब्रुवारी

आज माझी खात्री पटली. टपाल टाकून येत होतो, साडूभाऊ समोरून येत होते. दहा पावलांवर आले, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सरळ पुढे निघून गेले. मी वळून बघतो तर पुढच्या खांबापाशी एका तिऱ्हाइताला हात करून विचारत होते, "काय, जेवण झालं?" तो माणूस बावचळला.

स्टुडिओत आल्यावर मी म्हणालो, "रस्त्यात ओळख दाखवली नाहीत."

"तुम्ही होता? विचारात होतो."

आणि हे म्हणताना ते माझ्या डोळ्यांत बघत नव्हते. माझ्या कानाकडे बघत होते. आता आठवतं, गेला महिनाभर असंच चाललंय. बोलतात माझ्याशी, बघतात कानाकडे, नाहीतर खांद्यापलीकडे. नजर चुकवणारा माणूस ओळखायला मला अर्धं मिनिट लागत नाही. घरचा म्हणून महिना लागला एवढंच.

सोमवार, २० फेब्रुवारी

पुरावा मिळाला.

मागच्या खोलीत पार्श्वभूमीचे पडदे ठेवतो त्या खणाच्या तळाशी एक पाकीट. आत चौकटी आखलेले सात कागद, सगळे सारखे. प्रत्येकाच्या मधोमध एक काळा ठिपका आणि त्याच्याजवळ पेन्सिलीनं काढलेली एक वेडीवाकडी हद्द. खाली तारखा. जानेवारीच्या आठ तारखेपासून कालच्या एकोणीसपर्यंत, सगळे रविवार! रविवारी दुकान बंद असतं आणि "झाडझूड करून येतो" म्हणून ते एकटेच येतात.

हा नकाशा आहे. नव्या जागेचा. ठिपका म्हणजे कॅमेरा उभा करायची जागा, हद्द म्हणजे भिंती. सहा कागदांवर कोपऱ्यात "उ" लिहिलंय, म्हणजे उत्तर दिशा. पहिल्या कागदावर जागा लिंबाएवढी आहे, सहाव्यावर तळहाताएवढी. दर आठवड्याला जागा वाढते आहे! शेजारचा गाळाही घेतायत की काय? कालच्या कागदावर मात्र "डा" आहे आणि हद्द जेमतेम वाटाण्याएवढी. डावीकडची खोली असणार. आत्ताच सुरुवात झालेली दिसते.

सगळं जुळतं. दुपारी शिकायला येणारा माणूस, मंगळवारच्या फेऱ्या, मधला कॅमेरा. आपल्या दोघांच्या पैशातून मधला घ्यायचा, सहा महिन्यांनी भागीदारी मोडायची आणि कॅमेरा घेऊन नव्या जागेत जायचं. मी इथे कात्री आणि लॅमिनेशनचं मशीन घेऊन बसायचं.

पाकीट होतं तसं ठेवलं. घरी आलो तर जेवण गेलं नाही. खरं सांगायचं तर राग नंतर आला, आधी वाईट वाटलं. कारखाना सुटला तेव्हा मला बोलावून घेणारा हाच माणूस. तेव्हा एका शब्दानं उपकार दाखवले नव्हते.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

पुन्हा कॅमेऱ्यांच्या दुकानात. मी तयारीनं गेलो होतो. मधला नको, का नको, याची सहा कारणं पाठ करून. एकही वापरावं लागलं नाही. साडूभाऊ दारातूनच म्हणाले, "धाकटा काढा."

दुकानदारही चकित झाला, किंवा तसं दाखवलं. "अहो, परवा तर मधला ठरला होता. खिडकी—"

"खिडकीचं राहू द्या. धाकटा यांच्या हातात द्या."

दुकानदारानं धाकटा माझ्या हातात दिला. साडूभाऊ माझ्या शेजारी. "पकड कशी वाटते? जड नाही ना? ते वरचं गोल फिरवा. पडद्यावर काय लिहून आलं? वाचा बरं मोठ्यानं." मी वाचलं, "चेहऱ्याचा फोटो, मागचं धूसर." "कळतंय का?" म्हणाले. "कळत असेल तर हाच."

"मी कशाला शिकू? तुम्ही आहात ना?" मी मुद्दाम खडा टाकला.

 ते काचेच्या कडेवर बोट फिरवत राहिले. मग दुकानदाराला म्हणाले, "यांना सगळी बटणं दाखवा. घाई करू नका." आणि स्टुलावर बसायला गेले ते स्टुलाच्या कडेवर. पडता पडता सावरले.

आता समजलं. डाव माझ्या समजुतीपेक्षा खोल आहे. नव्या जागेत त्यांनी मधला, नाहीतर त्याच्याही वरचा, आधीच ठरवलेला असणार. इथे मला एक खेळणं हातात देऊन बसवायचं, म्हणजे जाताना मनाला टोचणी नको. "यांची सोय लावून आलो" असं ताईला सांगता येईल.

मी म्हणालो, "आज नको. अजून विचार करू."

"फार करू नका," म्हणाले. "वेळ कमी आहे."

वेळ कमी आहे! हे तर तोंडानंच कबूल केलं.

शनिवार, २५ फेब्रुवारी

ताई आज घरी आल्या होत्या. ही स्वयंपाकघरात असताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊजी, हे मंगळवारी कुठे जातात हो? मला म्हणाले स्टुडिओत होतो. आणि मी केलेला फोन तर तुम्ही घेतला होता."

मी सांगायला नको होतं, असं ही म्हणते. पण विचारल्यावर मी काय खोटं बोलू? मी सगळं सांगितलं. मंगळवार, डाग, रस्त्यातली ओळख, कागद. ताईंचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे दुसरीकडे संसार मांडताहेत?" म्हणाल्या. मी दुकानाबद्दल बोलत होतो. पण "नाही" असंही ठामपणे म्हणालो नाही. रोज नटूनथटून जात नाहीत, एवढं मात्र सांगितलं.

ताई चहा न घेता गेल्या. नंतर ही माझ्याशी बोलत नव्हती. भांड्यांचा आवाज मात्र नेहमीपेक्षा जास्त.

बुधवार, २९ फेब्रुवारी

शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. शिक्षकांचा गटफोटो हवाय. "पुढच्या आठवड्यात मंगळवार किंवा गुरुवार, सकाळी अकराला. आम्हाला गुरुवार जास्त बरा." मी म्हणालो, "गुरुवारी जमणार नाही, मंगळवारच ठेवा."

गुरुवारी आम्ही मोकळेच आहोत. पण मंगळवारी ६ मार्च आहे.

आता बघू, नकाशा मोठा की शाळा.

साडूभाऊंना सांगितलं तेव्हा पडदा गुंडाळत होते. हात थांबले. "दुसरा दिवस नाही का देत?" "नाही." "सकाळीच हवं?" "अकरा." त्यांनी पडदा उलगडला आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळला.

मंगळवार, ६ मार्च

साडूभाऊ ९.३०ला स्टुडिओत. बाहेर जाऊन फोनवर बोलले, सात मिनिटं. मी दाराशी होतो. एवढंच ऐकू आलं, "आज नाही जमणार हो… समजतंय मला… मग पुढचा मंगळवार द्या, त्याआधी नाही का?" आत आले तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं. नव्या जागेच्या मालकाला वाट बघायला लावायची वेळ आली की माणूस असाच पांढरा पडतो. मला बरं वाटलं, खोटं का लिहू.

शाळेच्या पायऱ्यांवर तीन रांगा. साडूभाऊंनी फार वेळ लावला. पावलं मोजून मागे गेले, पुन्हा मोजून पुढे. शिक्षकांत चुळबुळ सुरू झाली. मुख्याध्यापिका उतरून त्यांच्याजवळ आल्या, काहीतरी बोलल्या, साडूभाऊंनी मान हलवली. मी तेव्हा खुर्च्या सरळ करत होतो. मग त्यांनी बारा-पंधरा फोटो घेतले.

  ताई दहा दिवस त्यांच्याशी बोलत नाहीयेत, हे हिच्याकडून कळलं आहे. चहूबाजूंनी कोंडलंय आता.

बुधवार, ७ मार्च

हे कसं लिहू कळत नाही. झालं तसंच लिहितो.

सकाळी शाळेचे फोटो संगणकावर उघडले. एकही धड नाही. मागच्या भिंतीची वीट न् वीट स्वच्छ, पुढची सगळी माणसं धुरकट. माझं डोकं फिरलं. मला वाटलं, मुद्दाम केलंय. मंगळवार अडवला म्हणून शाळेचं काम नासवलं. मी ताईंना फोन करून बोलावून घेतलं, म्हटलं आज सोक्षमोक्ष. त्या आल्यावर खणातलं पाकीट काढलं आणि आतले कागद, आता नऊ झालेले, काउंटरवर पत्त्यांसारखे मांडले.

"हा नकाशा कशाचा, ते ताईंसमोर सांगा."

साडूभाऊ कागदांवर वाकले. मग हसले. हसणं मला तेव्हा निर्लज्जपणाचं वाटलं. "नकाशा होय," म्हणाले. एक कागद माझ्यापुढे सरकवला. "एक डोळा झाका. ठिपक्याकडे बघा. रेघा कशा दिसतात?"

"कशा दिसणार? सरळ."

"मला उजव्या डोळ्यानं ठिपका दिसतच नाही. तिथे धूर आहे. भोवतीच्या रेघा वाकतात. जिथवर वाकतात तिथवर दर रविवारी पेन्सिल फिरवायची, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. 'उ' म्हणजे उजवा. परवापर्यंत डाव्यावर निभावत होतो." त्यांनी "डा" लिहिलेल्या कागदावर बोट ठेवलं, पण बोट पडलं शेजारच्या कागदावर. "आता त्यातही सुरू झालंय."

डोळ्याच्या पडद्याचा आजार. दर चार आठवड्यांनी डोळ्यात सुई घ्यायची, तर आहे तेवढं टिकण्याची आशा. मधला कॅमेरा हवा होता तो स्वतःसाठी, उजेडाच्या खिडकीतून अजून वर्ष-दोन वर्षं निघतील म्हणून. एकोणीस तारखेला डाव्या डोळ्यातही रेघ वाकली, तेव्हा ठरवलं की कॅमेरा माझ्यासाठी घ्यायचा.

ताई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दहा दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तेव्हा तरी सांगायचंत."

"तू रागावलीस हे मला कळलंच नाही गं," साडूभाऊ म्हणाले. "मला वाटलं तुला बरं नाही. तोंड कुठे दिसतंय मला नीट!"

ताई काउंटरच्या आत गेल्या आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. मी कागद गोळा करत बसलो. नऊ कागद गोळा करायला किती वेळ लागतो? मला फार वेळ लागला.

गुरुवार, ८ मार्च

दिवसभर दुकान उघडं होतं. लिहिण्यासारखं काही नाही. म्हणजे आहे, पण हात चालत नाही. हिला सगळं सांगितलं. "सगळं" म्हणजे शाळेचा गुरुवार सोडून.

शनिवार, १० मार्च

कॅमेरा घेतला. मी दुकानात हट्ट धरला होता, मधलाच घ्या, तुम्ही वापरा, चालेल तितके दिवस चालेल. साडूभाऊंनी मधल्याच्या खिडकीला एकदा डोळा लावला. पहिल्यांदा डावा, मग उजवा. खाली ठेवला.

"खिडकीत उजेड पुष्कळ आहे हो," म्हणाले. "भोक माझ्या डोळ्यात आहे. त्याला कोणती काच बसवणार?"

 दुकानदारानं धाकट्याच्या पेटीत एक जादा बॅटरी टाकली. मी त्याच्या हातांकडे बघत होतो, सवयीनं. आणि माझी मलाच लाज वाटली.

दुपारी शाळेत जाऊन गटफोटो पुन्हा काढला. मी. साडूभाऊ माझ्यामागे. "मधल्या रांगेतल्या कुणाच्या तरी डोळ्यावर ठिपका धरा. अर्धं दाबा. पुँक वाजलं? आता पुरं." आठ काढले, तीन बरे आले. मुख्याध्यापिका बऱ्या बोलल्या. माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत होत्या असं वाटलं.

संध्याकाळी स्टुडिओत दोन पासपोर्ट फोटो केले. दोन्ही गिऱ्हाइकं फोटोत गुन्हेगारासारखी दिसतात. मी हे सांगितल्यावर साडूभाऊ खो खो हसले. "तुमच्यासमोर लोक पिशवी उघडून दाखवायला उभे राहिल्यासारखे उभे राहतात. काहीतरी बोला त्यांच्याशी. सापडत नाहीये काही त्यांच्याकडे, असं समजून बोला."

इतक्या दिवसांनी हसले. मी पण हसलो. आणि तेवढ्यात गुरुवार आठवला.

मंगळवार, १३ मार्च

साडूभाऊंबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. ताई येणार होत्या, मीच म्हटलं मला जाऊ द्या. रस्ताभर ते माझ्या अर्धं पाऊल मागून चालले. जिन्यापाशी थांबले, पायानं पहिली पायरी चाचपली, मग चढले. इतकी वर्षं रोज बरोबर आहे आणि हे मी कधी बघितलंच नाही.

आधी थेंब घालून अर्धा तास बसवतात. मग डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मी आत गेलो होतो. विचारलं, "एक आठवडा उशीर झाला. त्यानं काही बिघडलं का?"

"डाव्यात पडद्याखाली थोडं पाणी वाढलंय," त्या म्हणाल्या. "आठवड्यामुळे वाढलं की तसंही वाढलं असतं, हे सांगता येत नाही."

मी तीन वेळा तीन तऱ्हांनी विचारलं. तिन्ही वेळा तेच. फाटकावर मला "सांगता येत नाही" म्हणणाऱ्याला मी बाजूला उभं करत असे. इथे मीच बाजूला उभा होतो.

बाहेर बाकावर बसलो. सुईला नंबर लागायचा होता. समोर एक म्हातारी मासिक उलटं धरून बसली होती. मी ठरवलं, आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही.

"शाळेनं दोन दिवस दिले होते," मी म्हणालो. "मंगळवार आणि गुरुवार. त्यांना गुरुवारच बरा होता. मंगळवार मी मागून घेतला. तुम्हाला अडवायला."

साडूभाऊ समोर बघत होते. थेंबांमुळे डोळ्यांतली बुबुळं मोठी, काळीभोर झाली होती.

"ठाऊक आहे," म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"त्या दिवशी पायऱ्यांवरून उतरून आल्या ना बाई, तेव्हाच म्हणाल्या. आम्हाला गुरुवार हवा होता, तुमच्या भागीदारांनी आजचाच आग्रह धरला."

"मग तेव्हाच का नाही बोललात? दुसऱ्या दिवशी मी कागद मांडले, ताईंसमोर तोंडाला येईल ते बोललो, तेव्हा तरी!"

"तिच्यासमोर? तिला आधीच एवढं कळलं होतं. तुम्ही उशीर करवलात हेही कळलं असतं तर तुमचं तोंड बघितलं नसतं तिनं पुन्हा. दोघी बहिणींचं काय झालं असतं?"

 आत कुणाचं तरी नाव पुकारलं, म्हातारी उठून गेली. तिचं मासिक बाकावर राहिलं.

"राग आला होता," साडूभाऊ म्हणाले. "अजून आहे. उगाच नाही म्हणणार नाही. पण मी दुकान कुणाच्या हाती देणार, मला सांगा. तुमच्यासारखा डोळा दुसऱ्या कुणाकडे आहे? नाकाचा डाग सरकला ते दिसलं तुम्हाला." मग जरा थांबून, "फक्त अर्थ लावू नका हो तुम्ही. नुसतं बघा आणि मला सांगा."

मी मान हलवली. मग लक्षात आलं की मान हलवलेली त्यांना दिसायची नाही. म्हणून मोठ्यानं म्हणालो, "बरं." बाकावरचे दोघं-तिघं वळून बघायला लागले.

त्यांचं नाव पुकारलं. साडूभाऊ उठले, शर्ट नीट केला आणि भलत्याच दाराकडे निघाले. मी उठून त्यांचा दंड धरला.

त्यांनी धरू दिला.